शिवाजी पार्कातली एक इमारत: दुरुस्ती की पुनर्विकास?

शिवाजी पार्क परिसरातल्या एका जुन्या भाडेकरू इमारतीत २०११ ते २०२२ या काळात जे निर्णय झाले, त्यांची ही नोंद. इमारतीचं नाव, गल्ली आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत किंवा बदलले आहेत. मी वास्तुरचनाकार म्हणून भाडेकरू संघाची कागदपत्रं आणि नकाशे तपासत होते. त्यामुळे मालक आणि विकासक यांच्यात काय बोलणी झाली, ते संघापर्यंत पोचलं तेवढंच मला ठाऊक आहे.

या भागात आज घर घ्यायचं तर कोट्यवधी रुपये लागतात. ज्यांनी इथं राहून ही वस्ती नावारूपाला आणली, त्यांच्यातल्या बहुतेकांना मात्र स्वतःचं घर घेणं कधी परवडलं नसतं. ते भाड्यानं राहायला आले होते. ही किंमत कुठून आली हे समजल्याशिवाय पुढच्या निर्णयांचा अर्थ लागत नाही, म्हणून पार्श्वभूमी थोडी लांबवली आहे.

## पार्श्वभूमी: वस्ती कशी उभी राहिली

सुरुवात प्लेगपासून करावी लागते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे पहिले रुग्ण ओळखले. गिरगाव, मांडवी, भुलेश्वरच्या दाटीत, जिथं वारा आणि ऊन पोचत नव्हतं अशा चाळींत साथ झपाट्यानं पसरली. त्यातून १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. जुन्या दाटीतून रुंद रस्ते काढायचे आणि उत्तरेकडच्या मोकळ्या जमिनीवर नवी वस्ती आखायची, ही त्याची कामं. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, मोहम्मद अली रोड हे रस्ते पहिल्या कामातून झाले. दुसऱ्यातून दादर, माटुंगा, वडाळा, सायन इथल्या योजना आल्या. रेल्वेच्या पूर्वेकडची हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी ही त्यांचीच अपत्यं.

रेल्वेच्या पश्चिमेला तोवर माडाच्या वाड्या, भातखाचरं आणि कोळी-भंडारी वस्त्या होत्या. हा भाग नगररचना योजनांमधून आखला गेला. वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करून, रस्त्यांना जागा सोडून, मालकांना चौकोनी भूखंड परत द्यायचे, अशी ती पद्धत. १९१५ च्या नगररचना कायद्यानं तिला आधार दिला होता. १९२५ मध्ये महापालिकेनं इथलं मोठं मैदान लोकांसाठी खुलं केलं. तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्तानं, १९२७ मध्ये, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानं त्याचं शिवाजी पार्क झालं. मैदान सुमारे २८ एकरांचं आहे. आजच्या मुंबईत एवढी जागा कुणी मोकळी सोडेल का, असा विचार मनात आला की शंभर वर्षांपूर्वीच्या त्या निर्णयाचं मोल कळतं.

मैदानाभोवतीच्या इमारती मुख्यतः तीसच्या आणि चाळीसच्या दशकांत उठल्या. तळमजला आणि वर दोन-तीन मजले, गोलाकार कोपऱ्याच्या गॅलऱ्या, खिडक्यांवर लांब आडवे छज्जे, जिन्यात मोझेक, लोखंडी जाळीवर सूर्यकिरणांची किंवा लाटांची नक्षी. सिमेंट काँक्रीटचं बांधकाम तेव्हा नव्यानं रूढ होत होतं. गिरगावातल्या चाळीतल्या दोन खोल्या सोडून वकील, डॉक्टर, प्राध्यापक, सरकारी आणि बँकेतले नोकरदार इथल्या ‘ब्लॉक’मध्ये राहायला आले. ब्लॉक म्हणजे स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःची मोरी आणि स्वतःचा संडास. चाळीतून आलेल्या घरांतल्या बायकांसाठी हा बदल फार मोठा होता. इमारतीतल्या सर्वांत वृद्ध भाडेकरू काकींनी मला हे फार मनापासून सांगितलं होतं: रात्री अंधारात सामायिक संडासाकडं जावं लागत नाही, एवढ्यानंच सासूबाई इथं खूश होत्या.

१९३८ मध्ये सावरकर सदन बांधलं गेलं. १९४० मध्ये दादासाहेब रेग्यांनी बालमोहन विद्यामंदिर सुरू केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा याच मैदानावर गाजल्या, आणि ३० ऑक्टोबर १९६६ ला शिवसेनेचा पहिला मेळावाही इथंच झाला. रमाकांत आचरेकरांच्या सरावाच्या नेट्समध्ये इथं मुंबईच्या क्रिकेटच्या पिढ्या तयार झाल्या. ही वस्ती पैशानं मोठी होण्याच्या कितीतरी आधी नावानं मोठी झाली होती.

आमची इमारत १९३८ ची. सुमारे ७०० चौरस मीटरचा भूखंड, तळमजला अधिक तीन, प्रत्येक मजल्यावर तीन याप्रमाणे बारा घरं. प्रत्येक घराचं चटई क्षेत्र ६४० चौरस फुटांच्या आसपास. बांधणारं कुटुंब मूळचं माहीमच्या वाड्यांतलं. वरच्या मजल्यावरच्या एका घरात ते स्वतः राहत, उरलेल्या अकरा घरांत भाडेकरू होते. पुढं रस्त्यालगत बाग, मागं विहीर आणि दोन माड.

## भाडं गोठलं आणि भिंती थकल्या

१९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं तेच प्रमाण भाडं ठरवलं. युद्धानंतरच्या महागाईत आणि फाळणीनंतरच्या गर्दीत घरातून कुणाला हुसकावू नये, हा हेतू रास्तच होता. पण तो आकडा पुढं दशकानुदशकं जागचा हलला नाही. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही गोठवणूक अवाजवी असल्याचं सांगितलं. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली. पायाच इतका खाली होता की २०११ मध्येही या इमारतीत घराचं भाडं महिन्याला शंभर रुपयांच्या आत होतं.

तेवढ्या भाड्यात मालकानं इमारत रंगवावी अशी अपेक्षाही धरता येत नव्हती. दुसरीकडे भाडेकरूंनी पागडी, म्हणजे भाडेहक्कासाठीची एकरकमी रक्कम, भरलेली होती, काहींनी दोन-दोनदा, त्यामुळे त्यांना घर आपलंच वाटे. दोघांचंही म्हणणं खरं होतं, आणि इमारत मधल्या मधे झिजत गेली.

१९६९ च्या कायद्यानं शहर भागातल्या, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या, अशा जुन्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ नेमलं आणि भाडेकरूंवर दुरुस्ती उपकर बसवला. यालाच लोक सेस म्हणतात. मंडळ पुढं म्हाडाचा भाग झालं. सुरुवातीला शहरात अशा १९,६४२ सेस इमारती होत्या. आमची १ सप्टेंबर १९४० च्या आधीची, म्हणजे ‘अ’ वर्गातली. मंडळानं पूर्वी एकदा मागच्या बाजूच्या मोऱ्यांची दुरुस्ती केली होती.

## अडचण

२०११ च्या पावसाळ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या मोरीच्या छतातून काँक्रीटचा मोठा तुकडा पडला. सुदैवानं तेव्हा मोरीत कुणी नव्हतं. आतल्या सळया गंजून फुगल्या होत्या. समुद्र जवळ असल्यानं हवेतला क्षार काँक्रीटमध्ये शिरतो, जुन्या बांधकामात सळयांवरचं आवरण कमी जाडीचं असतं, आणि मोऱ्यांच्या पाझरानं उरलेलं काम होतं. या परिसरातल्या त्या काळच्या जवळजवळ सगळ्या इमारतींचं दुखणं हेच आहे.

भाडेकरूंनी संघ स्थापन केला. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ चिटणीस झाले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. पहिल्याच बैठकीत दोन तट पडले. ज्यांची मुलं लग्नाची झाली होती आणि ६४० फुटांत दोन संसार मांडायचे होते, त्यांना नवी इमारत हवी होती. तळमजल्यावरच्या आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांना दुरुस्ती हवी होती, कारण तीन-चार वर्षं बाहेर राहून परत येऊ याची त्यांना खात्री वाटत नव्हती. मालकांच्या पुढच्या पिढीतली तीन भावंडं वेगवेगळ्या गावी होती. त्यांना मिळकतीतून मोकळं व्हायचं होतं.

## २०१२: घाईत दिलेली हरकत

या साऱ्या वर्षांतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय कुणालाच तेव्हा निर्णय वाटला नाही.

२०१२ च्या पावसाळ्यात मुंबईतल्या वारसा वास्तू आणि वारसा परिसरांची नवी प्रस्तावित यादी हरकतींसाठी प्रसिद्ध झाली. तीत शिवाजी पार्क परिसराचं नाव होतं. वस्तीत एकदम घबराट उडाली. आता खिळा ठोकायलाही परवानगी लागेल, पुनर्विकास कायमचा गेला, पडक्या घरात मरायची वेळ येईल, असं जो तो म्हणू लागला. राजकीय पक्षांनीही विरोध केला. छापील हरकतपत्रं घरोघर फिरली, आणि आमच्या इमारतीतल्या बाराही घरांनी सह्या करून दिली, मालकांनी सुद्धा.

लोकांची भीती समजण्यासारखी होती. डोक्यावरचं छत पडत असताना गोल गॅलरीच्या सौंदर्याचं कौतुक कुणाला सुचणार? पण त्या पत्रात मुद्दा एकच होता: यादीतून वगळा. परिसर म्हणून उंचीवर काही मर्यादा असावी का, रस्त्याच्या बाजूची मोकळी जागा राखावी का, आणि त्या बदल्यात भाडेकरूंना वाढीव जागा किंवा दुरुस्तीला अनुदान मिळेल का, हे विचारलंच गेलं नाही. मी अण्णांना म्हटलं होतं की दोन पत्रं देऊ, एक हरकतीचं आणि एक पर्यायी अटींचं. त्यांचं उत्तर होतं, “दुसरं पत्र दिलं की पहिल्याचं वजन जातं.” तेव्हाच्या वातावरणात त्यांना तसं वाटणं साहजिक होतं. तरी माझं मत आजही तेच आहे. वस्तीनं एकत्र बसून नियम मागण्याची ती एकच वेळ आली होती, आणि सगळी शक्ती नियम नको म्हणण्यात खर्च झाली.

त्याच वर्षाच्या जानेवारीत विकास नियंत्रण नियमावलीत आणखी एक बदल झाला होता, ज्याची चर्चा फारशी झाली नाही. चटई निर्देशांक म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येतं त्याचं प्रमाण (एफएसआय). पूर्वी काही मर्यादेत या निर्देशांकाबाहेर राहणाऱ्या गॅलऱ्या, फुलझाडांचे कट्टे वगैरे निर्देशांकात मोजले जाऊ लागले, आणि त्याऐवजी ३५ टक्के फंजिबल, म्हणजे घरात हवा तसा वापरता येणारा जादा, निर्देशांक मिळू लागला. पुनर्वसनाच्या घरांना तो अधिमूल्याशिवाय, म्हणजे जादा शुल्क न भरता, मिळतो. परिणाम सरळ आहे. गॅलरीसाठी क्षेत्र खर्च करण्याऐवजी ते खोलीत घालणं सोयीचं झालं. ज्या गॅलऱ्यांनी हा परिसर ओळखला जायचा, त्या नव्या इमारतींतून अशा नाहीशा झाल्या. कुणाला सौंदर्याची चाड नव्हती म्हणून हे घडलेलं नाही. क्षेत्र मोजायची पद्धत बदलली आणि नकाशे तिच्यामागे गेले.

## पर्याय

संघापुढं चार वाटा होत्या.

मंडळाकडून दुरुस्ती करून घेणं ही पहिली. मंडळाच्या खर्चाला प्रति चौरस मीटर कमाल मर्यादा असते. त्यापुढचा खर्च भाडेकरूंना करावा लागतो, नाहीतर इमारत दुरुस्तीपलीकडची ठरते. आमच्या अभियंत्याच्या अंदाजानुसार वरचा खर्च प्रत्येक घराला काही लाखांत जाणार होता, आणि सळया इतक्या गंजलेल्या असताना ती दुरुस्ती पंधरा-वीस वर्षंच पुरली असती. वृद्धांचं म्हणणं होतं की आम्हाला तेवढी पुरे.

दुसरी वाट इमारत स्वतः ताब्यात घेण्याची. म्हाडा कायद्यात १९८६ मध्ये घातलेल्या आठ-अ प्रकरणानुसार सत्तर टक्के रहिवाशांची सहकारी संस्था मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम देऊन इमारत संपादन करायला लावू शकते. आमच्या बाबतीत सगळी इमारत सुमारे लाखभर रुपयांत मिळाली असती. या तरतुदीला मालकांच्या संघटनेनं दिलेलं आव्हान तेव्हा सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षं प्रलंबित होतं. वकिलानं सांगितलं की या वाटेनं गेलात तर नातवंडांच्या काळात निकाल लागेल. पण चर्चा थांबली ती वकिलामुळे नव्हे. काकी उठून म्हणाल्या, “ज्यांच्या आजोबांनी घर बांधलं त्यांच्या हातावर लाख रुपये ठेवून त्यांना बाहेर काढायचं, हे मला पटत नाही. आपण त्यांच्याकडे पन्नास वर्षं गणपतीला जातोय.” त्यानंतर या पर्यायाचा विषय पुन्हा निघाला नाही. (त्या खटल्यातून निघालेल्या प्रश्नावर नऊ न्यायाधीशांच्या पीठाचा निकाल नोव्हेंबर २०२४ मध्ये आला: प्रत्येक खासगी मालमत्ता समाजाची भौतिक साधनसंपत्ती मानता येणार नाही.)

तिसरी वाट समूह पुनर्विकासाची. विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ३३(९) नुसार शहर भागात किमान ४,००० चौरस मीटर क्षेत्र लागतं आणि ४ निर्देशांक मिळतो. आमच्या गल्लीतले सहा भूखंड एकत्र आले असते तर हे जमलं असतं. एकच वाहनतळ, मध्ये सामायिक मोकळी जागा, मैदानाकडच्या बाजूला कमी उंची आणि मागं जास्त, असा कच्चा आराखडा मी काढला होता. बैठकीला दोनच इमारतींची माणसं आली. एका इमारतीचा विकासकाशी करार आधीच झाला होता, एकीत मालकी हक्काचा वाद न्यायालयात होता, आणि दोन मालकांचे पत्ते शोधण्यातच महिने गेले. ही वाट बंद पडली त्याचं मला सर्वांत वाईट वाटतं.

चौथी वाट नियम ३३(७) ची, म्हणजे एकट्या इमारतीचा पुनर्विकास. मालक विकासकाला हक्क देतो, सत्तर टक्के भाडेकरूंची अपरिवर्तनीय संमती लागते, आणि निर्देशांक ३ किंवा पुनर्वसनाला लागणारं क्षेत्र अधिक पन्नास टक्के, यांतलं जे जास्त ते मिळतं. (संमतीची ही अट पुढं, २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याच्या नव्या नियमावलीत, ५१ टक्क्यांवर आली.) शहर भागात मूळ निर्देशांक १.३३ होता हे लक्षात घेतलं, तर या सवलतीत किती पैसा आहे हे कळतं. गोठलेल्या भाड्यानं अडकून पडलेली किंमत या एका नियमानं मोकळी झाली. शिवाजी पार्क आज ज्या अर्थानं श्रीमंत म्हटलं जातं ती श्रीमंती बव्हंशी इथून आली आहे: प्लेगनंतरच्या आखणीनं दिलेलं मोकळेपण, मैदान आणि समुद्राची जवळीक, आणि त्यावर चढलेला ३ चा निर्देशांक.

## काय केलं

आधी इमारतीची खरी अवस्था ठरवायची होती. मालकांनी नेमलेल्या अभियंत्यानं इमारत धोकादायक म्हणून पाडावी असा अहवाल दिला. संघाच्या अभियंत्यानं रिकामी न करता दुरुस्ती शक्य असल्याचं लिहिलं. पहिल्या अहवालात नुसती पाहणी आणि हातोडीची चाचणी होती, दुसऱ्यात अल्ट्रासॉनिक चाचणी होती पण काँक्रीटचे गाभे, म्हणजे आतून कापून काढायचे नमुने, घेतलेले नव्हते. मी आग्रह धरला की दोन्ही बाजूंनी मिळून खर्च करावा आणि एका तांत्रिक शिक्षणसंस्थेकडून गाभे, कार्बोनेशन (हवेमुळे काँक्रीटची सळयांना जपण्याची ताकद किती गेली ते) आणि सळयांच्या गंजाची चाचणी करून घ्यावी. तसं झालं. निष्कर्ष मधला निघाला: मागचा मोऱ्यांचा भाग फार वाईट, पुढचा भाग वाचवण्याजोगा. या एका अहवालानं संशय बराच कमी झाला. आपल्याला घाबरवून बाहेर काढतायत, ही भाडेकरूंची भावना गेली, आणि भाडेकरू अडवून धरतायत ही मालकांचीही.

२०१४ मध्ये संघानं मतदान घेतलं. अकरापैकी आठ घरं पुनर्विकासाच्या बाजूनं, तीन दुरुस्तीच्या. आठ म्हणजे सत्तर टक्क्यांच्या वर, त्यामुळे कायद्यानं काम पुरं झालं होतं. अण्णांनी तिथं थांबायचं नाही असं ठरवलं, आणि मला त्यांचा हा निर्णय फार मोलाचा वाटतो. ते त्या तिन्ही घरी जाऊन बसले. त्यांच्या मागण्या मोठ्या नव्हत्या: तात्पुरतं घर याच परिसरात चालत जाण्याच्या अंतरावर हवं, परतल्यावर खालचा मजला हवा, आणि भाडं थकलं तर दाद कुणाकडं मागायची ते लिहून हवं. या मागण्या सगळ्यांच्याच करारात गेल्या.

कराराचे मुख्य मुद्दे असे ठरले. प्रत्येकाला ६४० अधिक ३५ टक्के, म्हणजे ८६४ चौरस फूट चटई क्षेत्र. घर रिकामं करण्याआधी कायमस्वरूपी पर्यायी जागेचा नोंदणीकृत करार. ट्रान्झिट भाडं, म्हणजे बाहेर राहण्याच्या काळातलं तात्पुरत्या घराचं भाडं, आगाऊ, आणि एका वर्षाच्या भाड्याइतकी बँक हमी. प्रत्येक घरासाठी कॉर्पस, म्हणजे ज्याच्या व्याजातून देखभाल खर्च भागवायचा अशी एकरकमी ठेव. बांधकाम पूर्ण होईल याची हमी देणारी मोठी बँक हमीही संघानं मागितली होती, ती विकासकानं दिली नाही आणि संघानं तो मुद्दा सोडला.

एका घरात भाडेहक्क कुणाच्या नावावर यावरून भावाबहिणीत वाद होता. दुरुस्ती मंडळ भाडेकरूंची यादी प्रमाणित करतं, तीत नाव नसेल तर पुढं हक्क मिळवणं कठीण जातं. ते प्रकरण यादीआधी मिटवून घेतलं. त्यानंतर मंडळाचं ना-हरकत, आणि जागा किनारा नियमन क्षेत्रात येत असल्यानं त्या प्राधिकरणाची मंजुरी. २०११ च्या किनारा अधिसूचनेनं मुंबईतल्या सेस इमारतींना चालू निर्देशांकानं बांधायची वाट दिली होती म्हणून हे शक्य झालं, १९९१ च्या नियमांत अडलं असतं. पालिकेची आयओडी (नकाशांना सशर्त मंजुरी), मग इमारत रिकामी, पाडकाम, सीसी (बांधकाम सुरू करायचा दाखला). २०१७ च्या दिवाळीनंतर लोक बाहेर पडले.

## निष्पत्ती

२०२० च्या टाळेबंदीत काम थांबलं आणि ट्रान्झिट भाडंही थकलं. त्या वेळी बँक हमी कामी आली. लगतच्याच भागात दुसऱ्या विकासकाच्या एका इमारतीतले भाडेकरू तेव्हा स्वतःच्या खिशातून भाडं भरत होते. २०२२ मध्ये ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळाली आणि लोक परतले. इमारत सोळा मजल्यांची झाली आहे. खालचे तीन मजले वाहनतळाचे, त्यावर पुनर्वसनाची घरं, त्यावर विक्रीची. दुरुस्ती मागणाऱ्या तीन घरांपैकी दोघांकडची वृद्ध माणसं परतेपर्यंत हयात नव्हती. काकी आल्या, पहिल्याच निवासी मजल्यावर, जो जुन्या इमारतीच्या गच्चीच्या उंचीवर आहे.

घरं चांगली आहेत, हे स्पष्ट सांगायला हवं. उजेड आहे, लिफ्ट आहे, गळती नाही, दोन संसार सुखानं मावतात. भाडेकरूंना सभासदत्व आणि मालकी हक्क मिळाला. ज्यांच्या वडिलांना इथं घर विकत घेण्याचं स्वप्नही पडलं नसतं, त्यांच्या नावावर आज कोट्यवधींची मालमत्ता आहे. मालकांच्या भावंडांनाही त्यांच्या वाट्याची रक्कम आणि एक घर मिळालं.

देखभाल खर्च मात्र अंदाजाच्या बाहेर गेला. लिफ्ट, अग्निशमन यंत्रणा, पंप आणि यांत्रिक वाहनतळ यांचा बोजा चौरस फुटांच्या हिशेबानं वाटला जातो, आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांना कॉर्पसचं व्याज पुरत नाही. दोन कुटुंबांनी घर भाड्यानं देऊन पुणं गाठलं.

पुढची बाग वाहनांच्या चढणीत गेली, माड आणि विहीर गेली. ३३(७) मध्ये मोकळी जागा सोडण्याच्या नियमांत बरीच सूट मिळते, आणि ती पूर्ण वापरली गेली. रस्त्याच्या पातळीवर आता वाहनतळाची भिंत आहे. पूर्वी गॅलरीतून रस्त्यावरच्या माणसाला हाक मारता येई. एका इमारतीत हे झालं तर वस्तीचं काही बिघडत नाही. गल्लीतल्या प्रत्येक भूखंडावर हेच होऊ लागल्यावर, ज्या आखणीमुळे इथल्या जागेला किंमत आली तीच पुसली जाते.

## काय वेगळं करता आलं असतं

माझ्या मते एकट्या इमारतीच्या मर्यादेत अण्णांनी आणि संघानं जवळजवळ सगळं बरोबर केलं. संयुक्त चाचणी, अल्पमतातल्या घरांशी बोलणं आणि भाड्याची बँक हमी या तीन गोष्टी कुठल्याही संघानं उचलाव्यात अशा आहेत. कमी पडलं ते तीन ठिकाणी.

देखभालीचा हिशेब करार करतानाच मागायला हवा होता. विकासकाकडून पहिल्या दहा वर्षांच्या देखभालीचा लेखी अंदाज घेऊन त्यावरून कॉर्पस ठरवला असता, तर आकडा वेगळा निघाला असता. सगळ्यांचं लक्ष वाढीव चौरस फुटांवर होतं.

पाडण्याआधी इमारतीची मोजमापं आणि छायाचित्रं पद्धतशीर घेतली गेली नाहीत. मोझेक, जाळ्या, सागवानी दरवाजे भंगारवाल्यानं नेले. नव्या इमारतीच्या प्रवेशदालनात त्या जाळ्या बसवायला विकासकाचा नकार नव्हता, पण हे करारात लिहिलेलं नव्हतं.

आणि गल्ली. समूह पुनर्विकासासाठी ४,००० चौरस मीटर जमले नाहीत म्हणून शेजारच्या इमारतींशी बोलणंच थांबलं. समोरच्या बाजूचं अंतर, वाहनतळाची जागा, झाडं, एवढ्यापुरती समजूत भूखंड एकत्र न करताही होऊ शकते. प्रत्येक इमारतीनं आपापल्या विकासकाकडं जाताना त्याच अटी मांडल्या की त्या टिकतात, कारण मग विकासकाला शेजारच्या इमारतीकडं बोट दाखवता येत नाही.

गेल्या वर्षी गल्लीतल्या आणखी एका इमारतीच्या भाडेकरूंनी अण्णांकडून जुनी कागदपत्रं मागवली. त्यातून उरलेल्या चार जुन्या इमारतींची एकत्र बैठक झाली. रस्त्यालगतची सध्याची मोकळी जागा राखणं, वाहनतळ मागच्या बाजूला किंवा तळघरात नेणं, निदान पहिल्या तीन निवासी मजल्यांना रस्त्याकडे गॅलरी ठेवणं आणि पाडण्याआधी इमारतीचं दस्तऐवजीकरण करणं, असा अटींचा मसुदा तयार झाला आहे. गॅलरीसाठी खर्ची पडणाऱ्या क्षेत्राचा भार कुणी सोसायचा यावर अजून एकमत नाही. मसुदा सध्या वकिलाकडं आहे, आणि चारपैकी दोन मालकांच्या सह्या यायच्या आहेत.